आम्ही नाही का वाढलो?



रब्बीचे खळे कधीच आटोपले. हरभरा घरात आला, ज्वारीचा कडबा गंजीला लागला आणि नांगरटीची ढेकळे उन्हात तापत पडली आहेत. ज्यांनी उन्हाळी भुईमूग केला त्यांची काढणी तेवढी राहिली आहे. आपल्या परभणी जिल्ह्यात शेतकऱ्याला वर्षात जो काय थोडा मोकळा वेळ मिळतो तो हाच. अंगणात बाजांवर कुरडया वाळत असतात, लेकी माहेरी येतात आणि त्यांच्या कडेवर त्यांची लेकरे येतात. ज्या घरात वर्षभर दोनच म्हातारी माणसे असतात तिथे पंधरा दिवस पाय ठेवायला जागा उरत नाही.

या सदरात आपण नेहमी पिकापाण्याचे बोलतो. आज दीड ते चार वर्षांच्या लेकराचे बोलायचे आहे, कारण त्याला घेऊन वावरात, नदीवर, धरणावर जाण्याचे हेच दिवस आहेत. तुम्ही म्हणाल, साहेब, हे अंगणवाडीताईंचे काम, तुम्ही आपले खतांचे सांगा. पण वावरात शेततळे घ्या असे तुम्हाला सांगणारा मीच, फवारणीला कोणते औषध आणा हे सांगणाराही मीच. मग त्या तळ्याच्या काठापर्यंत आणि त्या औषधाच्या बाटलीपर्यंत तुमचे लेकरू पोचते तेव्हा मी गप्प बसावे, हे काही बरे नाही.

आमच्या घरी सध्या दोन वर्षे तीन महिन्यांची नात आली आहे. पुण्यात चौथ्या मजल्यावर वाढलेले लेकरू. पहिल्या दिवशी तिला अंगणातल्या मातीत उभे केले तर पाय वर ओढून घेऊ लागली. तिसऱ्या दिवशी मूठभर माती उचलून आजीच्या कुरडयांच्या चिकात टाकण्यापर्यंत मजल गेली. चार पायांचे जे दिसेल ते तिच्या लेखी 'माऊ'. मांजर माऊ, शेळी माऊ, गोठ्यातली लाल कंधारी गाय ही मोठी माऊ. दुपारी मी ओसरीवर आडवा होतो तेव्हा मलाही तेच नाव आहे. मी घुरघुरतो असे घरच्यांचे म्हणणे, ते आपण सोडून देऊ.

गंमत अशी की यातले तिला पुढे काहीही आठवणार नाही. बहुतेक माणसांची सर्वांत जुनी आठवण तीन-साडेतीन वर्षांच्या वयाची असते, त्याआधीचे सहसा राहत नाही, असे जाणकार सांगतात. मग एवढ्या लहान लेकराला हे सगळे दाखवायचे कशाला, असा प्रश्न माझ्या जावयांनी विचारला. मला वाटते, आठवण राहत नसली तरी सवय राहते. मातीची किळस न वाटणे, बैलाच्या शिंगापासून किती हात लांब उभे राहावे, ढेकळातून तोल सांभाळून कसे चालावे, हे पाय शिकतात, डोक्याला विचारून शिकत नाहीत. शिवाय दोन वर्षांच्या लेकराला रोज नवे शब्द लागतात. वावरात एका सकाळी त्याला जितके शब्द सापडतात तितके चार भिंतींत सापडत नाहीत. तेव्हा न्या, जरूर न्या. वेळ अमावस्येला आपण सगळे घरदार घेऊन वावरात जेवायला जातोच. उन्हाळ्यात तसे ठरलेले कारण नसते, ते काढावे लागते.

माझी स्वतःची त्या वयातली गोष्ट मला ऐकूनच ठाऊक आहे. १९७२ च्या दुष्काळात मी तीन वर्षांचा होतो. माय दुष्काळी कामावर खडी फोडायला जाई. बाभळीच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधून मला त्यात टाकी. कधी सुकडी मिळे, ती माझ्या वाट्याला येई. हे सगळे तिने मला इतक्यांदा सांगितले की आता ती झोळी हलताना मला दिसते. प्रत्यक्षात मला काही आठवत नाही. पण गोष्टीतला एक भाग माय प्रत्येक वेळी सांगे. कामावर एक म्हातारी होती, तिच्याने हातोडा उचलत नव्हता. बायकांनी आपापसात ठरवून तिला झाडाखालच्या सात-आठ लेकरांपाशी बसवले आणि तिच्या वाटची खडी आपण फोडली. मुकादमाला ते पटले की त्याने डोळेझाक केली, हे मायलाही ठाऊक नव्हते. पुढे २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्यात असेच कलम आले, की कामावरच्या बायकांबरोबर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले असतील तर त्यांच्यातल्याच एका बाईला मुले सांभाळायला नेमावे आणि तिलाही मजुरी द्यावी. दिल्लीत ते लिहिणाऱ्यांना आमच्या बाभळीखालची म्हातारी माहीत असण्याचे कारण नाही. पण गरज तीच होती.

आता मूळ मुद्द्याकडे येतो.

मागच्या आठवड्यात पूर्णेकाठच्या एका गावी गेलो होतो. आखाड्यावर बसलो, चहा झाला. समोर नवे शेततळे, काठोकाठ नाही पण निम्म्याच्या वर पाणी. घरातला अडीच वर्षांचा नातू शेळीच्या पिलामागे धावत होता आणि त्याची आई, म्हणजे घरची सून, काम टाकून तिसऱ्यांदा त्याला उचलून आणत होती. आजोबांना ते आवडले नाही.

"पोराला असं बांधून ठेवशील तर भित्रं व्हईल," ते म्हणाले. "आम्ही दिवसदिवस हिरीत पडून राहायचो. पाठीला भोपळा बांधला की झालं. आम्ही नाही का वाढलो?"

सुनेने डोक्यावरचा पदर सावरला आणि हळूच बोलली, "मामा, तुमच्या हिरीला पायऱ्या व्हत्या. ह्याला पिलास्टिक हाय." मग माझ्याकडे वळून, "साहेब, तुम्हीच सांगा यांना."

मी आजोबांना एवढेच विचारले, "बाबा, तुम्ही भावंडं किती?"

"आठ."

थोडा वेळ थांबून तेच म्हणाले, "वाढलो पाच."

पुढे कोणी काही बोलले नाही. नातवाला त्यांनी आपल्या मांडीवर घेतले.

मंडळी, 'आम्ही नाही का वाढलो' हे वाक्य आपल्या घराघरात ऐकू येते. ते खोटे नाही, पण अर्धे आहे. जे वाढले तेच ते बोलायला उरले आहेत. १९७१ साली आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ बाळे पहिल्या वाढदिवसाच्या आत दगावत होती. २०२० साली हा आकडा २८ वर आला. त्यातली बहुतेक ताप, हगवण, अशक्तपणा यांनीच जात, विहिरीत पडून नव्हे, हे मान्य. पण घरातून एक लेकरू गेले तर दुसरे खेळत आहे अशी त्या काळची रीत होती. दुःख तेवढेच होते, ते बोलून दाखवायला वेळ नव्हता. आज घरात एक नाहीतर दोन लेकरे असतात. लसी आल्या, दवाखाने आले, आणि ज्या लेकराला गोवराने नेले नाही त्याने आपल्याच वावरातल्या पाण्यात जावे, हे कोणालाच सोसवणार नाही.

दुसरे असे की आजोबांच्या लहानपणीचे वावर आता राहिलेले नाही. त्यांच्या वावरात विहीर एक, आणि ती कुठे आहे हे सगळ्यांना माहीत. ट्रॅक्टर नव्हता, मळणीयंत्र नव्हते, विषारी औषधाची बाटली नव्हती, कोरडे लागलेले बोअर नव्हते. आणि आखाड्यावर कधी पाहावे तर चार-पाच मोठी माणसे हजर असत. आज तिथे नवरा-बायको दोघेच, दोघेही कामात.

शेततळ्याचे थोडे सविस्तर सांगतो, कारण ते काम माझ्या खात्याचे आहे. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली आणि आपल्या भागात तळी झपाट्याने वाढली. संरक्षित पाण्याने कापूस, हळद, मोसंबी वाचली, याबद्दल दुमत नाही. पण तळ्याची रचना नीट पाहा. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, ३ मीटर खोल, चारही बाजू उतरत्या, आणि पाणी जिरू नये म्हणून त्यावर ५०० मायक्रॉनचे प्लास्टिक. पाण्याच्या कडेला शेवाळ धरले की हे प्लास्टिक साबण लावल्यासारखे निसरडे होते. पोहता येणारा धडधाकट गडीसुद्धा त्यावरून वर येऊ शकत नाही. पाय टाकतो तितका खाली घसरतो. विहिरीला निदान कपारी असतात, मोटेच्या काळातल्या विहिरींना पायऱ्या असत. इथे धरायला काही नाही. म्हणूनच लेकरामागे आई, आईमागे बाप असे एकापाठोपाठ एक जाण्याचा धोका शेततळ्यात जास्त आहे.

यावर दोन कामे करायची. पहिले लेकरासाठी: तळ्याला चारही बाजूंनी कुंपण. जाळीचे जमले तर उत्तम, नाहीतर बोरी-बाभळीच्या काट्यांचे, पण पुरुषभर उंच आणि फटीविना. फाटकाची कडी आतून नको, बाहेरून आणि उंचावर हवी. तारेचे दोन पदर ओढून कुंपण झाले असे समजू नका, त्याखालून अडीच वर्षांचे पोर न वाकता जाते. दुसरे मोठ्यांसाठी: चारही काठांवर पक्का खुंट ठोकून जाड दोर तळापर्यंत सोडा. दोराला हातहातभर अंतरावर गाठी मारा, म्हणजे ओला हात सटकणार नाही. जवळ एक ट्रॅक्टरची हवा भरलेली ट्यूब टांगून ठेवा. सगळा खर्च प्लास्टिकच्या खर्चापुढे किरकोळ आहे. अनुदानाची वाट पाहू नका.

आणि पाणी म्हटले की तळेच डोळ्यांपुढे आणू नका. दीड-दोन वर्षांच्या मुलाचे डोके अंगाच्या मानाने जड असते. अर्धी भरलेली बादली, गुरांचा हौद, जमिनीत पुरलेला रांजण, यात ते वाकून पाहते आणि डोक्यावर पडते. त्याला उलटून येता येत नाही. ओरडत नाही, हातपाय आपटल्याचा आवाज होत नाही. आपण पाठमोरे चार भाकरी थापतो तेवढ्यात सगळे होऊन जाते. वापर झाला की बादली पालथी घाला, हौदावर फळी टाका.

तशी वेळ आलीच तर एक ध्यानात ठेवा. पाण्यातून काढलेल्या लेकराला उलटे टांगणे, डोक्यावर घेऊन गरगर फिरवणे, पोट दाबणे हे आपल्याकडे अजून करतात. त्यात मोलाची मिनिटे जातात. पोटातले पाणी मारत नाही, श्वास बंद झाल्याने जीव जातो. श्वास चालत नसेल तर पाठीवर निजवा, हनुवटी जरा वर करा, नाक चिमटीत धरून तोंडाला तोंड लावा आणि छाती उचलेल इतकाच श्वास पाच वेळा द्या. तरी हालचाल नसेल तर छातीच्या मधोमध तळहाताने ३० दाब आणि मग २ श्वास, असे थांबल्याविना चालू ठेवा. तेवढ्यात दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. हे वाचून येत नाही, हाताने शिकावे लागते. तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना ग्रामसभेच्या दिवशी बोलवा, उशीवर दाखवायला सांगा.

कोरडे लागलेले बोअर हा दुसरा खड्डा. उन्हाळ्यात गावोगाव बोअरची गाडी फिरते, पाणी लागले नाही की केसिंग काढून घेतात आणि तोंड तसेच उघडे राहते. २००६ साली हरियाणात कुरुक्षेत्र जिल्ह्यात पाच वर्षांचे एक पोर अशा बोअरात पडले. लष्कराने शेजारून खड्डा खणून त्याला दोन दिवसांनी जिवंत काढले, सारा देश दूरदर्शनसमोर बसून होता. प्रत्येकाच्या नशिबी ते नसते. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने निकामी बोअर तळापासून वरपर्यंत माती-वाळूने भरून बंद करावे असे बजावले. तुमच्या धुऱ्यावर असे भोक असेल तर हा अंक खाली ठेवा आणि आधी ते बुजवा. त्यावर नुसता दगड ठेवलेला चालत नाही, दगड कोणीतरी चुलीला नेतो.

आता डोळ्यांचे. घरात माणसे जास्त तितके लेकरू सुरक्षित, असे आपल्याला वाटते. लग्नघरी, जत्रेत, मामाच्या घरी सुट्टीत दहा माणसे असतात. पण आईला वाटते आजीकडे आहे, आजीला वाटते मावशीने घेतले, मावशी म्हणते आत्ता तर इथेच होते. दहा जणांचे लक्ष म्हणजे कोणाचेच नाही. आमच्या घरी लेकीने यावर एक युक्ती काढली आहे. नातीच्या पायातले जादाचे चांदीचे वाळे तिने एका दोऱ्यात ओवले. ज्याच्या गळ्यात तो दोरा, त्याच्याकडे पोर. उठायचे असेल, तंबाखू चोळायला जायचे असेल तर दोरा दुसऱ्याच्या गळ्यात घालायचा आणि त्याने 'घेतली' असे म्हणायचे. परवा सरपंच भेटायला आले तेव्हा माझ्या गळ्यात ते वाळे होते. ते हसले. हसू द्या.

असेच काहीसे बांगलादेशात गावपातळीवर केले गेले. तिथे घराच्या मागे पुढे तळीच तळी. पाहणीत दिसले की एक ते चार वर्षांची मुले सर्वांत जास्त बुडतात, आणि तीही सकाळी नऊ ते एक या वेळात, जेव्हा आई स्वयंपाकात आणि बाप शेतात असतो. जागतिक आरोग्य संघटनेचे आकडेही तेच सांगतात, की बुडण्याचा धोका याच वयाला सर्वाधिक. मग गावातल्याच एका बाईच्या घरी वीस-पंचवीस लेकरे त्या चार तासांपुरती एकत्र ठेवायची सोय केली. तिला मदतीला आणखी एक बाई. गाणी, खेळ, गप्पा. या ठिकाणांना त्यांनी नाव दिले 'आँचल', म्हणजे आपला पदर. त्या गावांत लहान मुलांचे बुडणे फार मोठ्या प्रमाणात कमी झाले. मला ते वाचताना मायची ती बाभळीखालची म्हातारी आठवली. आपल्याकडे अंगणवाडीची शाळा तीन वर्षांपुढच्या मुलांसाठी असते. त्याआधीचे लेकरू पेरणीच्या दिवसांत धुऱ्यावर गोधडीवर पडलेले असते. मृगाच्या आधी चार आखाड्यांनी मिळून एक समजूतदार बाई ठरवली आणि तिची रोजची मजुरी वाटून घेतली, तर प्रत्येकाच्या वाट्याला काय येईल, तुम्हीच हिशेब करा.

विंचवाचे सांगितल्याशिवाय उन्हाळा पुरा होत नाही. मे-जूनमध्ये, विशेषतः पहिल्या पावसाच्या तोंडावर लाल विंचू बाहेर पडतो. कडब्याची गंजी, गोवऱ्यांचा ढीग, विटा, वाळत टाकलेले कपडे, चप्पल, अशा जागी तो बसतो. मोठ्या माणसाला तो रात्रभर ठणका देतो, लहान लेकराच्या मात्र हृदयावर जातो. लेकराला दरदरून घाम फुटला, हातपाय गार पडले, उलटी झाली, आणि नांगी लागलेल्या जागी फारसे दुखत नसले, तर तेच जास्त वाईट लक्षण समजा. यावर औषध आहे आणि ते शोधले आपल्याच माणसाने. जालना जिल्ह्यातल्या एका खेड्यात शेतकऱ्याच्या घरी जन्मलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला होते. लाल विंचवाने मुले डोळ्यांदेखत जाताना त्यांनी पाहिली, रात्र रात्र उशाशी बसून लक्षणे टिपली, आणि प्राझोसिन नावाची रक्तदाबाची साधी गोळी यावर चालते हे १९८० च्या दशकात दाखवून दिले. आधी गंभीर झालेल्या दहांतले तीन-चार दगावत, ते प्रमाण नगण्य झाले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा मंत्र घालणाऱ्याकडे तास घालवू नका. गोळी वेळेत मिळाली तरच कामाची. आणि लेकराला उघड्यावर निजवायचे तर बाजेवर, मच्छरदाणी खोचून. जमिनीवर वाकळ टाकून नको, मण्यार रात्री जमिनीवरूनच येतो.

भुईमुगाची काढणी ज्यांच्याकडे आहे त्यांनी आणखी एक करा. वेल उपटणाऱ्या बाया बसलेल्या, भोवती लेकरे, आणि जो तो मायेने लेकराच्या हातात शेंगदाणे देतो. चार वर्षांखालच्या लेकराला अख्खा दाणा देऊ नका. हसताना, पळताना तो अन्ननलिकेऐवजी श्वासनळीत जातो. एकदम ठसका लागतो, मग शांत होते, आणि आठ दिवस खोकला राहतो. दुर्बिणीने दाणा काढावा लागतो. डॉक्टरला 'दाणे खात होते' हे सांगायला विसरू नका, नाहीतर खोकल्याचे औषध चालू राहते. कूट करून गुळाचा लाडू द्या, ताकद तीच. फुटाणे आणि चिंचोके यांचेही तसेच.

औषधांच्या बाटल्यांबद्दल पूर्वी लिहिले आहे, थोडक्यात पुन्हा. डब्यावरचा त्रिकोण लाल म्हणजे अति विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा असा उतरता क्रम. पण लेकरासाठी हिरवाही लालच. उरलेले औषध थंड पेयाच्या बाटलीत ओतून ठेवणारा माणूस दिसला तर त्याला माझे नाव सांगून दोन शब्द ऐकवा. बीजप्रक्रिया केलेले गुलाबी, लाल बियाणे लेकराला गोळ्या-चॉकलेटसारखे दिसते. पेरून उरले की उंच फळीवर. पोटात गेलेच तर मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नका, बाटली किंवा पिशवी बरोबर घेऊन दवाखाना गाठा.

एवढे भय दाखवले म्हणून घरात बसू नका. उलट सकाळी उजाडताच निघा, दहाच्या आत सावलीला परत या. आपला पारा चाळिसाच्या पुढे गेलेला असतो आणि दुपारी पत्र्याखालची खोली भट्टी होते, तेव्हा दुपार लिंबाखाली काढा. पाणी, ताक, कैरीचे पन्हे थोडे थोडे देत राहा. ओकारी-जुलाब लागलेच तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून घोटघोट पाजा. चमचा चहाचा, मोठा नव्हे.

येलदरी धरण पाहायला जिंतूरकडून बरेच जण जातात. १९६० च्या दशकात पूर्णेवर बांधलेले हे धरण लेकराला समुद्रच वाटते. भिंतीवरून दाखवा, पण धरणाखाली नदीच्या पात्रात सतरंजी टाकून बसू नका. तिथे वीजनिर्मिती होते, पाणी सोडले की कोरडे पात्र बघता बघता भरते. गंगाखेडला जनाबाईचे दर्शन घेऊन गोदावरीवर जाणाऱ्यांनी पात्र आधी आपल्या पायाने तपासावे. आमच्या लहानपणी उन्हाळ्यात गोदेचे पाणी घोट्याएवढे. वाळवंटात भोई लोकांच्या टरबूज-खरबुजाच्या वाड्या असत, आणि वाळू उकरली की वितीवर गोड पाणी लागे. त्या झऱ्याचे पाणी ओंजळीने पिणे हा आमचा सुट्टीतला सगळ्यात मोठा खेळ होता. आता वाळू उपसून पुरुषभर खोल डोह पडले आहेत आणि वरून पाणी सारखेच दिसते. लेकराला झरा जरूर उकरून दाखवा, मात्र काठाजवळच्या ओल्या वाळूत, त्याचा हात हातात धरून.

आणि १८ मे विसरू नका. १९७२ साली याच तारखेला परभणीचे कृषी विद्यापीठ स्थापन झाले, त्यानिमित्त तिथे खरीप शेतकरी मेळावा भरतो. मी याच परभणीच्या कृषी महाविद्यालयात शिकलो, त्यामुळे माझे सांगणे थोडे पक्षपाती धरा. पण बियाणे घ्यायला एकटेच पुरुष येतात, ते मला पटत नाही. घरची मालकीण आली पाहिजे, लेकरूही आले पाहिजे. गर्दी असते, म्हणून निघताना लेकराच्या दंडावर पेनाने आपला फोन नंबर लिहा. हरवले तर नाव सांगता येत नाही त्या वयात, बापाला ते 'बाबा' म्हणते आणि मंडपात तर बाबा हजारो असतात.

त्या आखाड्यावरच्या सूनबाईंनी परवा निरोप पाठवला. आजोबांनी स्वतः बाभळीच्या फांद्या तोडून तळ्याला कुंपण घातले. दोराच्या गाठी मात्र त्यांना पसंत नाहीत, त्यांच्या मते गाठीने दोर कुजतो. दर वर्षी बदलावा, म्हणजे झाले.

पुढच्या आठवड्यात घरच्या सोयाबीनची उगवणशक्ती ओल्या गोणपाटात कशी पाहायची ते सांगेन. शंभरात निदान सत्तर दाणे उगवले पाहिजेत. तोवर शंभर दाणे मोजून बाजूला ठेवा, आणि ठेवाल ते उंचावर.